शॅलॉटच्या युवतीचा चित्रकार

जॉन विल्यम वॉटरहाउस १८४९ साली रोममध्ये एका चित्रकार दांपत्याच्या पोटी जन्मला, १९१७ मध्ये लंडनला वारला. तोवर युरोपीय चित्रकलेची भाषाच पालटली होती. केवळ गोष्टी रंगवणारा म्हणून त्याला बाजूला सारणे समीक्षकांना सोपे गेले. आमच्या मते हा अन्याय होय. टेनिसनच्या काव्यातील शॅलॉटची शापित युवती त्याने १८८८, १८९४ आणि १९१५ मध्ये, अशी तीनदा रंगवली. त्यांतले पहिले चित्र पाहावे. आरशातल्या छायांना विटून तिने खिडकीबाहेर पाहिले, शाप ओढवला. आता नौकेत बसून ती साखळी सोडते आहे. स्वतः विणलेला पट नौकेवरून पाण्यात लोंबतो आहे. पुढे तीन मेणबत्त्या; दोन विझलेल्या, एकच तेवते आहे. या मेणबत्त्या टेनिसनच्या काव्यात नाहीत. त्या वॉटरहाउसने लावल्या.