तोतरेपणाचा शिक्का आणि वेंडेल जॉन्सन

वेंडेल जॉन्सन यांना वगळून तोतरेपणाच्या उपचारांचा इतिहास लिहिता येत नाही. स्वतः तोतरे असलेल्या या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने अडखळत बोलणाऱ्या मुलांकडे पाहण्याची पालकांची दृष्टी बदलली. मात्र, जो शिक्का मुलांवर मारू नये असे त्यांनी जगाला सांगितले, तोच शिक्का त्यांच्या मार्गदर्शनाखालील एका प्रयोगात काही अनाथ मुलांवर मारला गेला. त्यामुळे त्यांचे चरित्र हे विज्ञानाच्या कर्तृत्वाचे आहे, तसेच त्याच्या अपराधाचेही आहे.

जॉन्सन यांचा जन्म १६ एप्रिल १९०६ रोजी कॅन्सस राज्यातील रॉक्सबरी या लहानशा गावी झाला. ते पाच-सहा वर्षांचे असताना, मुलाच्या बोलण्यात तोतरेपणा येऊ लागल्याचे शिक्षकांनी आई-वडिलांच्या कानावर घातले. तेव्हापासून वाणी हीच त्यांच्या आयुष्याची मुख्य चिंता बनली. अभ्यासात आणि खेळात ते चमकले, तरी चारचौघांत तोंड उघडणे अवघडच राहिले.

या व्याधीवर संशोधन करणाऱ्या आयोवा विद्यापीठात ते १९२६ मध्ये दाखल झाले ते विद्यार्थी म्हणून आणि रुग्ण म्हणूनही. मेंदूच्या दोन अर्धगोलांपैकी एकाचे वर्चस्व प्रस्थापित न झाल्याने वाणी अडखळते, असे तेथील सॅम्युअल ऑर्टन आणि ली ट्रॅव्हिस मानत. त्या सिद्धांतानुसार जॉन्सन यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये ठेवून त्यांना डावखुरे करण्याचाही प्रयत्न झाला. संमोहन आणि मनोविश्लेषणही झाले; पण तोतरेपणा गेला नाही. आपल्या व्यथेवर त्यांनी लिहिलेले ‘बिकॉज आय स्टटर’ हे पुस्तक १९३० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी ते डॉक्टरेट झाले आणि आयोवातच अध्यापन करू लागले.

दोष शरीरात सापडत नसेल, तर तो भोवतालात असला पाहिजे, या निष्कर्षाकडे ते वळले. बोलायला शिकणारे प्रत्येक मूल शब्दांची पुनरावृत्ती करते, थबकते. धास्तावलेले पालक या स्वाभाविक अडखळण्याला तोतरेपणा असे नाव देतात, मूल प्रत्येक शब्दाला घाबरू लागते आणि त्या झटापटीतून खरी व्याधी जन्मते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या कल्पनेची कसोटी १९३९ मध्ये आयोवातील डॅव्हनपोर्ट येथील अनाथाश्रमात घेण्यात आली. मेरी ट्यूडर या पदव्युत्तर विद्यार्थिनीने तेथील २२ मुलांवर जानेवारी ते मे या काळात प्रयोग केला. त्यांतील दहा मुले तोतरी समजली जात होती, तर बाराजणांचे बोलणे सर्वसाधारण होते. या बारापैकी सहा मुलांना, तुमच्यात तोतरेपणाची लक्षणे दिसत आहेत, असे सांगण्यात आले. मुले अबोल झाली, संकोचू लागली, अभ्यासात मागे पडली. ट्यूडर नंतर अनेकदा परत गेल्या, मुलांची समजूत घातली. परंतु झालेली हानी भरून निघाली नाही. आपल्यावर प्रयोग झाला, हेही त्या मुलांना ठाऊक नव्हते. प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात पडून राहिला. जॉन्सन यांनी तो कधीही प्रसिद्ध केला नाही.

त्यांची कीर्ती मात्र वाढत गेली. ‘पीपल इन क्वांडरीज’ हे त्यांचे १९४६ मधील पुस्तक गाजले. वाचा व श्रवणदोष तज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेचे ते १९५० मध्ये अध्यक्ष झाले. तोतरेपणा लपवण्याऐवजी मुद्दाम, सहजपणे अडखळून त्याची भीती घालवावी, हा उपाय त्यांनी पुरस्कारला. मुलाला टोकू नका, त्याचे म्हणणे शांतपणे ऐका, हा त्यांचा सल्ला घरोघरी पोहोचला. २९ ऑगस्ट १९६५ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढे विद्यापीठातील वाचा व श्रवण केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

डॅव्हनपोर्टचा प्रयोग २००१ मध्ये एका अमेरिकी वृत्तपत्राने उजेडात आणला. विद्यापीठाने त्याच वर्षी माफी मागितली. २००७ मध्ये आयोवा राज्याने हयात असलेल्या तिघांना आणि तीन मृतांच्या वारसांना मिळून ९ लाख २५ हजार डॉलर भरपाई मान्य केली. वार्धक्यात पोहोचल्यावर या व्यक्तींना आपल्या बालपणातील त्या महिन्यांचा अर्थ कळला होता.

दरम्यान, ज्या सिद्धांतासाठी हे घडले तोही टिकला नाही. निकोलिन अॅम्ब्रोज आणि एहुद यायरी यांनी २००२ मध्ये ट्यूडर यांची आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा एकाही मुलात प्रयोगामुळे तोतरेपणा निर्माण झाल्याचा पुरावा मिळाला नाही. तोतरेपणाशी निगडित जनुकीय बदल २०१० मध्ये सापडले. ऑस्ट्रेलियात विकसित झालेल्या लिडकोंब पद्धतीत तर पालकच अस्खलित बोलण्याचे कौतुक करतात आणि अडखळणे सौम्यपणे लक्षात आणून देतात. तोतरेपणाचा उल्लेखही टाळावा, या जॉन्सन यांच्या शिकवणुकीच्या हे नेमके उलट आहे.

तरीही भीती आणि लाज तोतरेपणाचे ओझे वाढवतात, हे त्यांचे निरीक्षण उपचारांत आजही मोलाचे मानले जाते. पालकांच्या टोकण्याने तोतरेपणा जडतो, हे खरे ठरले नाही. पण एका शब्दाने लहान मुलाचा आत्मविश्वास मोडतो, हे मात्र डॅव्हनपोर्टच्या त्या सहा मुलांनी आपल्या आयुष्याची किंमत देऊन सिद्ध केले.