मुलांना समजून घेणारे आल्फ्रेड बिने

बुद्धिमापन चाचणी म्हटले की आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. मुलावर काय शिक्का बसेल, ही भीती. पण ज्यांनी ही चाचणी तयार केली, त्या आल्फ्रेड बिने यांना मागे पडलेल्या मुलाला हात द्यायचा होता.

बिने यांचा जन्म ८ जुलै १८५७ रोजी फ्रान्समधील नीस येथे झाला. वडील डॉक्टर, आई चित्रकार. ते कायदा शिकले, पण त्यात मन रमले नाही. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून त्यांनी स्वतःच मानसशास्त्राचा अभ्यास केला. पुढे मादलेन व आलिस या आपल्या मुलींचे निरीक्षण करताना त्यांना दिसले की, एकाच घरातील दोन मुलेही सारखा विचार करीत नाहीत.

१९०४ मध्ये फ्रान्स सरकारने शाळेत मागे राहणाऱ्या मुलांसाठी समिती नेमली. बिने तिचे सदस्य होते. मदत कोणाला हवी, हे शिक्षकाच्या मर्जीवर ठरू नये म्हणून १९०५ मध्ये थिओडोर सिमोन यांच्यासह त्यांनी ३० कृतींची चाचणी बनवली. चित्रातील वस्तू ओळखणे, आकडे ऐकून पुन्हा म्हणणे अशा त्या कृती सोप्याकडून अवघडाकडे जात. योग्य शिकवणीने बुद्धी वाढते, असे ते मानत. १८ ऑक्टोबर १९११ रोजी ते वारले.

त्यांच्यामागे चाचणीचा गैरवापरही झाला. अमेरिकेतील एलिस बेटावर, जहाजातून नुकत्याच उतरलेल्या थकल्याभागल्या माणसांना दुभाष्यामार्फत प्रश्न विचारून अनेकांना मंदबुद्धी ठरवले गेले. करारावर गेलेल्या आपल्या पूर्वजांचीही तपासणी झाली होती. शरीर कामाला धड आहे ना, एवढेच पाहिले गेले. शेतीची किती जाण आहे, किती ओव्या पाठ आहेत, हे कोणी विचारले नाही.

परकी चाचणी जशीच्या तशी आपल्या मुलांना लावू नये, हे ओळखून धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कानडी मुलांसाठी ती नव्याने बेतली. त्यांचे पुस्तक १९४० मध्ये निघाले.

आज ओमानमधील भारतीय शाळांत घरी मराठी, मल्याळम, तमिळ बोलणारी मुले एकाच वर्गात इंग्रजीतून शिकतात. अशा मुलाची चाचणी झाली, तर पालकांनी दोन गोष्टी जरूर विचाराव्यात. ती कोणत्या भाषेत घेतली? आणि आता मुलाला कोणती मदत देणार?