ॲना मणी: उन्हाचा आणि उष्णतेचा हिशेब ठेवणारी शास्त्रज्ञ

नगरहून पुण्याला जाताना सुप्याच्या बाजूला कवड्या डोंगरावर पवनचक्क्या दिसतात. आम्ही पारनेरकर त्यांना इतके सरावलोय की त्या नेमक्या तिथेच का उभ्या आहेत, हा प्रश्न सहसा पडत नाही. उत्तर डेटामध्ये आहे. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे वेग १० टक्के जास्त मोजला गेला, तर ऊर्जेचा अंदाज ३३ टक्क्यांनी फुगतो आणि सगळं गणित कोलमडतं. म्हणून पवनचक्कीच्या आधी तिथला वारा नीट मोजावा लागतो. भारतात हे मोजमाप पद्धतशीरपणे करणाऱ्यांमध्ये एक मोठं नाव म्हणजे ॲना मणी.

पण वारा हे त्यांचं निवृत्तीनंतरचं काम. त्याआधी पुण्यात त्यांनी जे उभं केलं, त्याचा संबंध थेट ग्रीनहाऊस इफेक्टशी येतो. आज त्याबद्दल.

आधी थोडं विज्ञान

हिवाळ्यात आभाळ निरभ्र असलं की रात्री कडाक्याची थंडी पडते आणि ढग आले की ती कमी होते, हे आपल्याकडे शेतात झोपणाऱ्या कुणालाही माहीत असतं. कारण साधं आहे. दिवसा तापलेली जमीन ती उष्णता इन्फ्रारेड किरणांच्या रूपात वर सोडत राहते. ढग हे किरण अडवतात आणि काही उष्णता परत खाली पाठवतात. पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन हे वायूही हेच करतात, फक्त ते डोळ्यांना दिसत नाहीत. हाच ग्रीनहाऊस इफेक्ट. नाव काचगृहावरून पडलं असलं तरी पॉलिहाऊसमध्ये मुख्यतः गरम हवा कोंडली जाते. वातावरणात हवा मोकळीच असते, अडतात ते किरण.

हे वायू नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असतं. आज ते साधारण १५ अंश आहे. म्हणजे हा परिणाम मुळात आपल्या फायद्याचाच. अडचण त्यात पडणाऱ्या भरीची आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे २८० पीपीएम होता, आता तो ४२० च्या वर गेलाय. कोळसा, डिझेल, पेट्रोल आणि सिमेंटमुळे तो वाढतो. गुरांच्या रवंथातून आणि कचऱ्यातून मिथेन येतो, युरियासारख्या खतांमुळे नायट्रस ऑक्साइड.

आता आकडे बघा. पृथ्वी सूर्याकडून सरासरी दर चौरस मीटरला सुमारे २४० वॅट उष्णता शोषते. माणसाने घातलेली भर आहे साधारण पावणेतीन वॅट, म्हणजे जेमतेम एक टक्का. एवढ्याशा फरकाने अख्ख्या जगाचं हवामान बदलतंय. आणि तुमचं उपकरणच एक टक्का चुकत असेल, तर एवढा फरक त्यात कधीच दिसणार नाही. ॲना मणींनी आयुष्यभर झुंज दिली ती याच एक टक्क्याशी.

हिऱ्यांपासून थर्मामीटरपर्यंत

त्यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी केरळातल्या पीरुमेडूचा. घर सधन होतं. आठव्या वाढदिवसाला मिळणारी हिऱ्यांची कर्णफुलं नाकारून त्यांनी विश्वकोशाचा संच मागून घेतला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदवी घेतल्यावर त्या बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या आणि तिथे गाठ पडली ती हिऱ्यांशीच. हिरे आणि माणकांतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास करायचा होता. एकेका फोटोप्लेटला १५-२० तास प्रकाश द्यावा लागे, त्यामुळे कित्येक रात्री त्या प्रयोगशाळेतच झोपल्या.

या कामावर त्यांनी एकटीच्या नावाने पाच शोधनिबंध लिहिले आणि प्रबंध सादर केला. मद्रास विद्यापीठाने मात्र एमएससी नाही या कारणावरून पीएचडी नाकारली. त्यांना ती शेवटपर्यंत मिळाली नाही.

१९४५ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर त्या लंडनच्या इम्पीरियल कॉलेजला गेल्या. इच्छा भौतिकशास्त्राची होती, पण जागा होती ती हवामान उपकरणांच्या अभ्यासासाठी. त्यांनी तीच घेतली.

पुण्याचं वर्कशॉप

१९४८ साली परत येऊन त्या पुण्यात हवामान खात्याच्या उपकरण विभागात रुजू झाल्या. तोवर साधे थर्मामीटरसुद्धा ब्रिटनमधून येत. देश नुकताच स्वतंत्र झालेला आणि पाऊस मोजायलाही आयात माल, अशी परिस्थिती होती. विभागात एस. पी. वेंकटेश्वरन यांनी देशी उपकरणांचं काम सुरू केलंच होतं. १९५३ पर्यंत विभागाची सूत्रं मणींकडे आली. हाताखाली १२१ जण, सगळे पुरुष. सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित करून घेतले, म्हणजे कुठल्याही कारागिराने बनवलं तरी उपकरण सारखंच निघावं.

आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांनी आधी स्पेसिफिकेशन पक्कं केलं, मग प्रॉडक्शन.

ऊन मोजणारं पायरॅनोमीटर घ्या. काचेच्या घुमटाखाली एक काळा पृष्ठभाग असतो. तो तापला की तापमानातल्या फरकामुळे बारीकसं व्होल्टेज तयार होतं आणि त्यावरून वॅट काढतात. ऐकायला सोपं आहे. पण काचेवर धूळ बसली, काळा रंग विटला किंवा स्टँड जरा कलला, की आकडा बिघडला. म्हणून उपकरण वेळोवेळी प्रमाण उपकरणाशी ताडून पाहावं लागतं. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात, आणि मणींचा सगळा कटाक्ष त्यावर होता.

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष होतं. त्या निमित्ताने मणींनी भारतात सौर किरण मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभारलं. याच उपक्रमात चार्ल्स कीलिंग यांनी हवाईतल्या मौना लोआवर कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तिकडे वायूचा हिशेब सुरू झाला, इकडे उन्हाचा.

उन्हाइतकीच महत्त्वाची असते परत जाणारी उष्णता. ती मोजायला १९६० च्या दशकात मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बलूनला बांधून रात्री उपकरणं वर सोडली. वर जाणारे इन्फ्रारेड किरण किती आणि खाली परतणारे किती, हे वेगवेगळ्या उंचीवर नोंदवलं. ढगाळ रात्रीचा आपला अनुभव आता आकड्यांत आला. ओझोन मोजणारं देशी बलून-उपकरणही त्याच दशकातलं, आणि ओझोनही ग्रीनहाऊस वायूच आहे.

निवृत्तीनंतर

१९७६ मध्ये उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्यावरही काम थांबलं नाही. १९८० आणि १९८१ साली भारतातल्या सौर किरणांच्या माहितीचे त्यांचे दोन ग्रंथ आले. सोलर पॅनेलचं डिझाइन करणाऱ्यांना देशभराचे आकडे एका जागी मिळाले. मग वाऱ्याचं सर्वेक्षण हाती घेतलं, बंगळूरला उपकरणांचा छोटा कारखानाही काढला. १९९४ मध्ये पक्षाघाताने त्यांना जखडून ठेवलं. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरमला त्यांचं निधन झालं. म्हणजे इंधनामुळे वाढणारी उष्णता मोजायला लागणारी शिस्त आणि त्या इंधनाला पर्याय शोधायला लागणारा डेटा, दोन्ही एकाच बाईच्या कामातून आले.

आज आपल्याला काय त्याचं?

माझं रोजचं काम सेन्सरच्या डेटाचं आहे. आमच्या जिल्ह्यात डाळिंबासारख्या फळांना हवामानावर आधारित पीकविमा मिळतो. महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राने नोंदवलेला पाऊस किंवा तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं तर भरपाई, नाहीतर नाही. बागेत काय झालं यापेक्षा सेन्सरने काय लिहिलं यावर पैसे ठरतात. हवामान जितकं लहरी होत जाईल, तितका त्या एका आकड्यावरचा भार वाढत जाणार.

तेव्हा तुमच्या मंडळातलं केंद्र एकदा जाऊन बघा. त्यावर झाडाची किंवा भिंतीची सावली पडते का, पर्जन्यमापकात पालापाचोळा अडकलाय का, उपकरण सरळ उभं आहे का, हे बघायला इंजिनिअर लागत नाही. काही वावगं दिसलं तर फोटो काढून तारखेसह कृषी कार्यालयात लेखी द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.