पोन्तिन दलदल आणि पोप सहावे पायस

पोप सहावे पायस म्हटले की फ्रेंचांच्या कैदेत मरण पावलेले पोप एवढीच त्यांची ओळख आपल्याला असते. शेतजमिनीसाठी त्यांनी केलेल्या खटाटोपाचे स्मरण आम्ही येथे करीत आहोत.

जिओव्हानी आंजेलो ब्रास्की यांचा जन्म २५ डिसेंबर १७१७ रोजी इटलीतील चेसेना येथे झाला. १७६६ साली ते पोपशासनाचे खजिनदार झाले, १७७३ साली कार्डिनल झाले आणि १५ फेब्रुवारी १७७५ रोजी पोपपदी निवडले गेले. त्या काळी पोप हे मध्य इटलीचे राज्यकर्तेही होते.

त्यांच्या राज्यात, रोमच्या दक्षिणेस पोन्तिन दलदल पसरली होती. लेपिनी डोंगरातून येणारे पाणी किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्यांमुळे अडे. जमिनीला उतार जवळजवळ नव्हताच. पाणी वर्षानुवर्षे साचून राही आणि हिवतापामुळे तेथे वस्ती टिकत नसे. सोळाव्या शतकात पोप पाचवे सिक्स्टस यांनी पाण्याला समुद्राची नवी वाट काढून दिली होती, परंतु बांध टिकले नाहीत.

१७७७ साली सहाव्या पायसांनी हे काम पुन्हा हाती घेतले. बोलोन्याचे स्थापत्यतज्ज्ञ गाएतानो रापिनी यांनी प्राचीन आप्पिया मार्गाच्या कडेने ‘लिनेआ पिया’ हा मोठा कालवा खोदला, नद्यांना बांध घालून त्यांचे पाणी त्यात वळवले आणि शेतांतील पाण्यासाठी आडवे चर काढले. पोप स्वतः अनेकदा कामाच्या पाहणीस जात. बुजलेला आप्पिया मार्ग पुन्हा वाहता झाला आणि बरीच जमीन लागवडीखाली आली.

तथापि सखल भाग पाण्याखालीच राहिला, तिजोरीवर मोठा भार पडला आणि मिळवलेल्या जमिनीचा मोठा हिस्सा पोपांचे भाचे लुईजी ब्रास्की यांच्याकडे गेला. हा दोष आम्ही झाकू इच्छित नाही.

१७९८ साली फ्रेंच सैन्याने रोम घेतले. वृद्ध पोपांना बंदी करून आल्प्स पर्वतापलीकडे नेण्यात आले. २९ ऑगस्ट १७९९ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, व्हॅलन्स येथे त्यांचे निधन झाले.

दलदल पूर्णपणे आटली ती विसाव्या शतकात, पंपांच्या साहाय्याने. लिनेआ पिया मात्र आजही वाहते आहे. सर्वांच्या हिताचे काम एका पिढीत पुरे होत नाही. आणि त्याचे फळ आप्तांच्याच पदरी पडले तर चांगल्या कामालाही डाग लागतो. सार्वजनिक कार्य करणाऱ्या आपणा सर्वांस हे दोन्ही धडे मोलाचे वाटतील, अशी आम्हांस आशा आहे.