जोतीरावांनी कमिटीचा नाद सोडला तेव्हा

अहमदनगरची (आताचे अहिल्यानगर) मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीरावांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीमाईंनी अध्यापनाचे धडे नगरलाच घेतले. विद्येलाच तिसरा डोळा मानणारे 'तृतीय रत्न' हे नाटक जोतीरावांनी १८५५ साली लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले. दक्षिणेचा पैसा मराठी ग्रंथांनाही मिळावा म्हणून सुधारकांनी १८४९ साली अर्ज केला, तेव्हा त्यांच्या रक्षणाला हेच जोतीराव माणसे घेऊन उभे राहिले होते! तरीही कमिटीतल्या भट सभासदांपुढे युरोपियनांचे काही चालले नाही. नाटक नाकारले गेले.

जोतीरावांनी ते बाजूला ठेवले. लेखणी मात्र ठेवली नाही. १८६९ साली 'ब्राह्मणांचे कसब' त्यांनी स्वतःच्या खर्चाने छापले. कंत्राटदारीत कमावलेला पैसा असा कामी आला, हेही लक्षात घ्या. पुढे आपल्याच चळवळीच्या 'दीनबंधू'ने 'शेतकऱ्याचा असूड'ची सुरुवातीची प्रकरणे छापून हात आखडता घेतला, तेव्हा त्यांनी गावोगावी सभांत असूड वाचून दाखवला. वाचता न येणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत तो असाच पोहोचणार होता.

१८८८ साली अर्धांगवायूने उजवा हात गेला. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांनी डाव्या हाताने पुरे केले. ते १८९१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर छापून आले. 'तृतीय रत्न' छापायला १९७९ साल उजाडले.