नोंदींच्या ओळींतले दादासाहेब फाळके

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे झाला. देशातील पहिली जनगणना त्यानंतर दोन वर्षांनी झाली आणि जन्ममृत्यूच्या नोंदणीचा कायदा १८८६ साली आला. त्यापूर्वी माणसाचा माग लागे तो जन्मपत्रिकेतून किंवा तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. अध्यापनासाठी ते मुंबईस गेले आणि मुलाला कलेचे दार उघडले. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकले.

गोध्र्यात त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. तेथेच प्लेगने त्यांची पहिली पत्नी आणि अपत्य हिरावून नेले. १९०१ च्या जनगणनेत मुंबई इलाख्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा घटलेली दिसते. दुष्काळ आणि प्लेग ही त्याची प्रमुख कारणे. त्या कोरड्या आकड्यात अशी कितीतरी घरे दडलेली आहेत. फाळके यांचे घर त्यांतलेच एक.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला आणि सरस्वतीबाई घरात आल्या. पुरातत्त्व खात्यातील नोकरी सोडून फाळके यांनी छपाईचा धंदा केला, तोही सुटला. १९११ मध्ये येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिल्यावर त्यांना नवा ध्यास लागला. सततच्या प्रयोगांनी काही काळ दृष्टी गेली, तरी तो सुटला नाही. विमा पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी १९१२ मध्ये लंडन गाठले आणि तेथून कॅमेरा आणला. पुढे सरस्वतीबाईंचे दागिनेही या कामी आले. फिल्मला छिद्रे पाडण्यापासून साऱ्या चमूच्या स्वयंपाकापर्यंत त्यांनी कष्ट उपसले. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात झळकला. त्याचे श्रेय फाळके यांच्या नावे नोंदले गेले. सरस्वतीबाईंच्या श्रमांची नोंद कोणत्याही रकान्यात झाली नाही.

त्याच वर्षी फाळके यांनी बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला हलवला. ‘लंका दहन’, ‘श्रीकृष्ण जन्म’, ‘कालिया मर्दन’ या चित्रपटांनी नाशिकचे नाव देशभर नेले. ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली ती त्यांची कन्या मंदाकिनी. १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म्स कंपनी उभी राहिली. मात्र भागीदारांशी मतभेद झाले आणि ते काही काळ काशीला निघून गेले. परतले तरी पूर्वीचे दिवस आले नाहीत. बोलपट आले आणि मूकपटांचा जमाना सरला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार पंचवीस वर्षांनी, १९६९ मध्ये सुरू झाला. ‘राजा हरिश्चंद्र’चीही आज पहिली आणि शेवटची अशी दोनच रिळे उरली आहेत. मधल्या रिळांप्रमाणेच या कुटुंबाच्या आयुष्यातील पुष्कळसे क्षण कागदावर राहिलेले नाहीत; जे राहिले, त्यातून एका संसाराने मोजलेली किंमत मात्र स्पष्ट दिसते.