हवेला वळण लावणारा माणूस

काही वर्षांपूर्वी भाचीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला गेले होते. जायला हवं होतं खरं तर ताईने, पण तिचे गुडघे आडवे आले, म्हणून मावशीची वर्णी लागली. बाळ पंधरा दिवसांचं, जुलै महिना, आणि एके दिवशी घरातला सेंट्रल एसी बंद पडला. म्हणजे आतून वारा यायचा, पण गरम! तिकडची घरं लाकडाची, खिडक्या बारा महिने बंद. दुपारपर्यंत घराची नुसती भट्टी झाली. बाळ घामाने चिंब, किरकिर थांबेना.

पहिला मेकॅनिक आला. पाच मिनिटं बघितल्यासारखं केलं आणि सगळं मशीनच बदलावं लागेल असं सांगून मोकळा झाला. खर्चाचा आकडा ऐकून जावयाचा चेहरा उतरला. संध्याकाळी दुसरा आला, वयस्कर. त्याने घाई केली नाही. आधी भिंतीवरचा थर्मोस्टॅट पाहिला, मग फिल्टर काढून उजेडात धरला, मग मेन स्विच. मग मागच्या अंगणातल्या बाहेरच्या युनिटपाशी जाऊन नुसता कान देऊन उभा राहिला. मशीन गुणगुणत होतं, पण वरचा पंखा फिरत नव्हता. वीज बंद करून त्याने झाकण उघडलं. आतला कपॅसिटर फुगला होता. आपल्या छताच्या पंख्यात असतो तोच हो, फक्त मोठा! आपले इलेक्ट्रिशियन त्यालाच कंडेन्सर म्हणतात. तो बदलला आणि तासाभरात घर गार. बाळ झोपलं, आणि बाळाच्या आईला बघून मलाही रडू आलं.

त्या रात्री मनात आलं, हे यंत्र पहिल्यांदा कुणाला बरं सुचलं असेल? आम्ही आर्ट्सवाल्या, पण तिथल्या वाचनालयात जाऊन वाचलं. आणि भेटला विलिस कॅरियर.

२६ नोव्हेंबर १८७६ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या अँगोला गावाजवळच्या एका शेतावर त्याचा जन्म झाला. एकुलतं एक मूल. शाळेत अपूर्णांक काही केल्या डोक्यात शिरेनात. आईने काय करावं? तळघरातून सफरचंदं आणली. ती अर्धी कापली, मग पाव, मग आठवा भाग, आणि लेकाला त्या फोडींची बेरीज-वजाबाकी करायला लावली. गणित समजलं. त्याहून मोठी गोष्ट समजली, ती म्हणजे कुठलाही अवघड प्रश्न असा फोडी करून सोडवता येतो. मैत्रिणींनो, आपण पोरांना शिकवताना किती सहज हात उगारतो! ही माउली मात्र मुलगा अकरा वर्षांचा असतानाच गेली. पण तिने दिलेली शिदोरी त्याला जन्मभर पुरली.

घरची परिस्थिती बेताची. काही काळ मास्तरकी केली, पैसे जमवले आणि शिष्यवृत्ती मिळवून तो कॉर्नेल विद्यापीठात गेला. तिथेही लोकांच्या अंगणातलं गवत काप, भट्ट्या पेटव, विद्यार्थ्यांचे कपडे धुवायची सोय चालव, असं करत १९०१ मध्ये इंजिनिअर झाला. बफेलो फोर्ज नावाच्या कंपनीत आठवड्याला दहा डॉलरवर लागला. १९०२ मध्ये लग्नही झालं.

त्याच वर्षी त्याच्यापुढे एक प्रश्न आला. ब्रुकलिनमध्ये एक छापखाना होता. रंगीत छपाईत एकेक रंग वेगळा छापतात. उन्हाळ्यातल्या दमट हवेत कागद फुगायचा, कोरड्या हवेत आकसायचा. त्यामुळे लाल रंग एकीकडे, निळा दुसरीकडे. छापलेला माल वाया. पावसाळ्यात आपले पापड सादळतात, दारं फुगून बसतात, तसलंच हे दुखणं. गंमत बघा, एसीचा जन्म माणसाला गार वाटावं म्हणून झालाच नाही, तो झाला कागदासाठी!

कॅरियरने रोग ओळखला. प्रश्न उकाड्याचा नव्हता, हवेतल्या पाण्याचा होता. थंड पाणी खेळवलेल्या नळ्यांवरून हवा नेली तर तिच्यातली वाफ नळ्यांवर जमते आणि हवा कोरडी होते. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो ना, तेच तत्त्व. १७ जुलै १९०२ ही तारीख त्याच्या आराखड्यांवर आहे. आधुनिक वातानुकूलनाचा वाढदिवस तोच मानतात.

पण तो एवढ्यावर थांबला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस पिट्सबर्गच्या रेल्वे फलाटावर तो गाडीची वाट बघत उभा होता. दाट धुकं पडलं होतं. आपण असतो तर गाडी लेट म्हणून कुरकुरलो असतो. त्याच्या मनात आलं, धुकं म्हणजे पाण्याने काठोकाठ भरलेली हवा. हवेत पाणी किती मावणार हे तिच्या तापमानावर ठरतं. मग हवा गार पाण्याच्या फवाऱ्यातून नेऊन, त्या पाण्याचं तापमान आपल्या हातात ठेवलं, तर हवेतला ओलावाही आपल्या हातात! पाण्याने हवा कोरडी करायची, ऐकायला उफराटंच. पण ते जमलं, आणि १९०६ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. पुढे १९११ मध्ये त्याने हवा, उष्णता आणि ओलावा यांचं सगळं गणित सूत्रांत मांडलं. इंजिनिअर मंडळींचा या विषयाचा पाया तोच.

हे वाचून वाटेल की सगळं कसं सरळ झालं. छे! एकदा मिसुरीमधल्या एका काच कारखान्यात गॅस शुद्ध करणारं त्याचं यंत्र कबूल केल्याप्रमाणे चालेना. कंपनीचे वीस हजार डॉलर बुडायची वेळ आली. चिंतेने त्याची झोप उडाली. शेवटी त्याने स्वतःला विचारलं, वाईटात वाईट काय होईल? पैसे जातील, फार तर नोकरी जाईल. तुरुंगात तर कुणी टाकत नाही. हे एकदा मनाने कबूल केल्यावर डोकं शांत झालं. मग पुन्हा चाचण्या घेतल्या, तेव्हा आणखी पाच हजारांची सामग्री बसवली तर यंत्र चालेल हे दिसलं. झालंही तसंच, आणि तोट्याऐवजी फायदा झाला. डेल कार्नेगीने हा किस्सा आपल्या पुस्तकात घेतला. खरं सांगते, मुलांच्या परीक्षा असोत की घरातलं आजारपण, मी ही युक्ती वापरली आहे. चिंता जात नाही, पण हातपाय हलू लागतात.

१९१२ मध्ये पत्नी वारली. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि कंपनीने वातानुकूलनाचा विभाग गुंडाळायचं ठरवलं. तेव्हा सात इंजिनिअर एकत्र आले, जेमतेम बत्तीस हजार सहाशे डॉलर उभे केले आणि १९१५ मध्ये कॅरियरच्या नावाने स्वतःची कंपनी काढली.

त्या काळी थंडाव्यासाठी अमोनिया वापरत. गळाला तर जिवावर बेतणारा. माणसांच्या गर्दीत तो नेणार कसा? १९२२ मध्ये त्याने कमी धोक्याचं, आटोपशीर यंत्र लोकांपुढे आणलं. १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहात ते बसवलं. पहिल्याच दिवशी यंत्र सुरू व्हायला उशीर झाला. गच्च भरलेल्या थिएटरात बायका-पुरुष सगळे हातपंख्यांनी वारा घेत होते. हळूहळू गारवा पसरला आणि एकेक करून पंखे थांबले. कॅरियरच्या जिवात जीव आला. आपल्या मुंबईत १९३३ मध्ये सुरू झालेलं रीगलही वातानुकूलित होतं.

१९२८ मध्ये त्याने घरासाठीचं यंत्र काढलं, पण पाठोपाठ महामंदी आली. घरोघरी एसी पोचला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. ते पुरतं पाहायला तो राहिला नाही. ७ ऑक्टोबर १९५० रोजी तो गेला.

आता थोडं आपल्या घराविषयी. एसी गार करत नसेल तर आधी फिल्टर धुवा, बाहेरच्या युनिटवर धूळ, पाला अडकला आहे का ते बघा. गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा संपत नसतो. कमी झाला, तर कुठेतरी गळती आहे. ती शोधून बुजवल्याशिवाय नुसता गॅस भरून घेऊ नका. आणि युनिटचं झाकण स्वतः उघडू नका. वीज बंद केली तरी कपॅसिटरमध्ये ती साठून राहते, जोराचा झटका बसतो.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. परत आल्यावर, पुढच्या मे महिन्यात, आमच्या महिला मंडळाच्या कामासाठी एका वस्तीत गेले होते. पत्र्याचं घर, आत बाळंतीण, बाळ घामाने चिंब. न्यू जर्सीत दिसलं होतं तेच चित्र! फक्त इथे बोलवायला मेकॅनिक नव्हता. वस्तीला लागूनच मोठी इमारत, आणि तिच्या एसींची गरम हवा थेट गल्लीत. आम्ही पत्र्यावर पांढरा चुना मारला, वर ओली पोती टाकली, भिंतीत वरच्या बाजूला झरोका पाडून घेतला. थोडा फरक पडला. थोडाच.

कॅरियरने हवेचं कोडं फोडी करून सोडवलं. हा गारवा सगळ्यांच्या वाट्याला कसा यावा, आणि एकाच्या गारव्याचा चटका दुसऱ्याला कसा बसू नये, ही फोड अजून कापायची राहिली आहे.